क्वीन्सचं घर भाड्यानं देताय? फुटपाथवरच्या बर्फाचा हिशेब आधी करा

नमस्कार,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बेलरोझला तुमचं कोपऱ्यावरचं दोन कुटुंबांचं घर आहे. आजवर वर तुम्ही आणि खाली भाडेकरू. येत्या नोव्हेंबरात तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहायला जाताय आणि दोन्ही मजले भाड्यानं देणार आहात, मिळून महिना 5,400 डॉलर. फुटपाथवरचा बर्फ काढायला तुमच्यापुढे तीन पर्याय आहेत: कॉन्ट्रॅक्टरला अख्ख्या सीझनचे 900 डॉलर, दर फेरीला 75 डॉलर, किंवा खालच्या भाडेकरूला वर्षभर महिना 60 डॉलरची सूट देऊन काम त्याच्यावर सोपवणं. तुमचा कल तिसऱ्याकडे आहे. "माणसं घरच्यासारखी आहेत, आणि टिकीट आलं तरी शंभर-दीडशेचंच," असं तुम्ही लिहिलंय.

टिकिटाचा, म्हणजे बर्फ न काढल्याबद्दल शहर लावतं त्या दंडाचा, आकडा बरोबर आहे. पहिल्या वेळी 100 ते 150 डॉलर, पुन्हा पुन्हा चुकलात तर 350 पर्यंत. प्रश्न फक्त टिकिटाचा असता तर मीही फार विचार करा म्हटलं नसतं. पण तुम्ही घर सोडताय, आणि त्यामुळे एक मोठी गोष्ट बदलतेय. तिचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठेच नाही.

न्यूयॉर्क शहरात 2003 पासून असा कायदा आहे की फुटपाथ नीट न ठेवल्यामुळे कोणी पडलं, तर भरपाईची जबाबदारी शेजारच्या मालमत्तेच्या मालकावर येते. बर्फ न काढणं त्यातच धरलंय. यातून सूट आहे ती एक, दोन किंवा तीन कुटुंबांच्या घराला, आणि तीही दोन अटींवर: घर फक्त राहण्यासाठी वापरात असलं पाहिजे आणि त्याच्या काही भागात तरी मालक स्वतः राहत असला पाहिजे. आजपर्यंत तुम्ही या सुटीत बसत होतात. बर्फ काढला नाही तर टिकीट तेव्हाही येऊ शकत होतं, पण कोणी घसरून पडलं तर दाव्याचा रोख सहसा शहराकडे असायचा. ज्या दिवशी तुमचं सामान एडिसनला जाईल त्या दिवशी ही सूट संपेल. घर तेच, फुटपाथ तोच, पण खुब्याचं हाड मोडलेल्या माणसाचा दावा आता थेट तुमच्या नावावर येऊ शकतो. शस्त्रक्रिया, बुडालेला पगार, वकील यांचा आकडा लाखांत जायला वेळ लागत नाही.

"भाडेकरारात लिहून घेतो की बर्फ भाडेकरूनं काढायचा," असंही तुम्ही म्हणता. जरूर लिहून घ्या, पण त्यानं तुमची सुटका होत नाही. 2019 मध्ये कोर्ट ऑफ अपील्सनं, म्हणजे न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं, अशाच बर्फावरून घसरण्याच्या प्रकरणात स्पष्ट केलं की ही जबाबदारी मालकाला दुसऱ्यावर ढकलता येत नाही. मालक तिथे राहत नसला आणि करारानं काम भाडेकरूकडे दिलेलं असलं तरीही. भाडेकरूकडून नंतर पैसे मागायचा मार्ग तुम्हाला राहील, पण पडलेल्या माणसासमोर उत्तर तुम्हीच द्यायचं.

म्हणून माझा क्रम वेगळा आहे. कॉन्ट्रॅक्टरला फोन करण्याआधी इन्शुरन्स एजंटला करा. तुमची सध्याची होमओनर्स पॉलिसी तुम्ही त्या घरात राहता हे धरून दिलेली आहे. न कळवता घर सोडलंत, तर नेमक्या दाव्याच्या वेळी कंपनी हात वर करू शकते. राहायला जाण्याआधीच लँडलॉर्ड पॉलिसी, म्हणजे भाड्यानं दिलेल्या घराचा विमा, घ्या. त्यात लायबिलिटी (दुसऱ्याला इजा झाली तर द्यायच्या भरपाईचं कव्हर) किमान 3 ते 5 लाख डॉलर ठेवा आणि वर 10 लाखांची अंब्रेला पॉलिसी घ्या, म्हणजे पहिल्या विम्याची मर्यादा संपली की पुढचं ती भरते. अंब्रेलाचा हप्ता साधारण वर्षाला काही शे डॉलर असतो. ज्या मालकांना ती सूट नाही, त्यांनी लायबिलिटी विमा ठेवलाच पाहिजे अशी अट शहराच्या त्याच कायद्यात आहे. कोणी सुचवेल की घर एलएलसीच्या, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या, नावावर करून टाका. घाई करू नका. कर्ज देणाऱ्या बँकेची परवानगी, ट्रान्सफर टॅक्सची कागदपत्रं आणि विमा पुन्हा नव्या नावानं, हे सगळं त्यात येतं.

आता तीन पर्याय. भाडेकरूला महिना 60 म्हणजे वर्षाला 720 डॉलर. कॉन्ट्रॅक्टर 900. एवढा सगळा विचार चाललाय तो वर्षाच्या 180 डॉलरसाठी. तुम्हीच लिहिलंय की खालचं कुटुंब डिसेंबरात तीन-तीन आठवडे पुण्याला जातं. त्याच काळात बर्फ पडला तर? शिवाय फावडं मारताना त्या गृहस्थांच्या पाठीत भरलं किंवा ते स्वतःच पडले, तर तोही प्रश्न तुमच्यापर्यंत येऊ शकतो.

तुम्ही स्वतः येऊन करू म्हणाल, तर वेळा बघा. बर्फ सकाळी 7 ते संध्याकाळी 5 च्या दरम्यान थांबला तर चार तासांत फुटपाथ मोकळा हवा. 5 ते रात्री 9 मध्ये थांबला तर चौदा तास मिळतात, आणि रात्री 9 नंतर थांबला तर सकाळी 11 पर्यंत. वादळानंतरच्या सकाळी एडिसनहून गोथल्स आणि व्हेराझानो हे दोन पूल ओलांडून, बेल्ट पार्कवेच्या गर्दीतून चार तासांत बेलरोझला पोचून दोन रस्त्यांचा फुटपाथ साफ करणं मला शक्य वाटत नाही. उंटावरून शेळ्या हाकण्याचं हे काम नाही.

राहिला प्रश्न 900 की 75 चा. बारा फेऱ्यांना दोन्ही सारखे होतात. 2022-23 च्या हिवाळ्यात सेंट्रल पार्कला अख्ख्या सीझनमध्ये मिळून 2.3 इंच बर्फ पडला, तेव्हा फेरीचा दर जवळजवळ फुकट पडला असता. उलट जानेवारी 2016 मध्ये एकाच वादळात 27.5 इंच पडला. बऱ्याच वर्षी फेरीचा दर स्वस्त पडेल हे मला मान्य आहे. तरीही मी 900 वालाच घ्या म्हणेन, कारण मोठं वादळ आलं की कॉन्ट्रॅक्टर आधी सीझनवाल्यांकडे जातो. फेरीवाल्यांचा नंबर संध्याकाळी लागतो, आणि तोवर तुमचे चार तास उलटलेले असतात.

मात्र आहे तसा करार सही करू नका. त्यात दोन इंचांच्या वर बर्फ पडला तरच येणार असं लिहिलंय. कायद्यात दोन इंचांची सवलत नाही. आणि माणसं घसरतात ती बहुतेक वेळा त्या अर्ध्या इंचावरच: दिवसा कडेचा ढीग वितळतो, पाणी फुटपाथवर पसरतं, रात्री गोठतं आणि सकाळी ते साध्या ओल्या काँक्रीटसारखं दिसतं. तुमच्या कोपऱ्यावरून सकाळी हिलसाइड अव्हेन्यूच्या बसला जाणारी माणसं असतात, साडीखाली स्पोर्ट्स शूज घालून देवळात निघालेल्या आज्या असतात. पैशाचं सगळं बाजूला ठेवलं तरी त्यांच्यासाठी तो रस्ता सुरक्षित असलाच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा एक इंचापासून फेरी, मीठ टाकणं, कोपऱ्यावरचा उतार आणि फायर हायड्रंटभोवतीची जागा मोकळी करणं, बर्फ रस्त्यात न ढकलणं (त्यालाही दंड आहे) आणि वेळेची हमी, हे सगळं लेखी घ्या. यासाठी 150-200 डॉलर जास्त मागितले तरी द्या. त्याच्या विम्याचं सर्टिफिकेट मागा आणि त्यात तुमचं नाव ॲडिशनल इन्शुअर्ड म्हणून घालायला सांगा, म्हणजे त्याच्या विम्याचं संरक्षण तुम्हालाही मिळेल. नाही म्हणाला तर दुसरा शोधा. प्रत्येक फेरीनंतर वेळेसकट फोटो मागवून जपून ठेवा. दावा झालाच तर बर्फ कधी थांबला आणि तुम्ही कधी साफ केला, याभोवतीच सगळं फिरतं.

खालच्या भाडेकरूंना पूर्ण सोडू नका. डिसेंबर ते मार्च, ते इथे असतील त्या महिन्यांपुरते दरमहा 25 डॉलर द्या, आणि सकाळी मीठ टाकणं व निसरडं दिसलं तर फोन करणं एवढंच सांगा.

खर्चाचा आकडा बघून घाबरू नका. वर्षाच्या 64,800 डॉलर भाड्यात हे 900 म्हणजे दीड टक्काही नाही. घर पूर्ण भाड्यावर गेलं की बर्फाचा खर्च, लँडलॉर्ड विम्याचा हप्ता, हे सगळं टॅक्स रिटर्नमधल्या शेड्यूल ई या फॉर्मवर भाड्याच्या उत्पन्नातून वजा करता येतं. स्वतः राहत होतात तेव्हा ही सोय तुमच्या मजल्यापुरती नव्हती. भाड्यातून करपात्र नफा उरत असेल आणि तुम्ही 24 टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर 900 चे प्रत्यक्षात 684 पडतात.

एजंटला फोन याच आठवड्यात करा आणि नव्या पॉलिसीची सुरुवात तुमच्या सामान हलवण्याच्या तारखेलाच ठेवा, मधे एक दिवसही मोकळा नको. कॉन्ट्रॅक्टरशी बोलणी ऑक्टोबरच्या आत उरका. पहिला बर्फ पडल्यावर चांगली माणसं मिळत नाहीत.