अवकाश दुर्बिणींची छायाचित्रे पाहताना
आपण या विषयाकडे नव्याने वळला आहात, म्हणून आधी एवढेच सांगतो, की दुर्बीण किती पटींनी मोठे दाखवते हे विचारू नका. तिचा आरसा किती रुंद आहे आणि ती कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश टिपते, हे विचारा. हबल या अवकाश दुर्बिणीचा आरसा २.४ मीटरचा आहे, तर सोन्याचा पातळ मुलामा दिलेल्या १८ षटकोनी तुकड्यांचा जेम्स वेब या दुसऱ्या अवकाश दुर्बिणीचा आरसा सुमारे ६.५ मीटरचा आहे. वेब प्रामुख्याने अवरक्त, म्हणजे तांबड्याहून लांब तरंगलांबीचा, प्रकाश पाहते आणि उबदार वस्तू स्वतःच अवरक्त किरण सोडत असल्यामुळे, तिला पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, पाच पदरी सूर्यकवचाच्या सावलीत थंड ठेवावे लागते.

गरुड तेजोमेघ या अवकाशातील वायू-धुळीच्या ढगातील धुळीच्या स्तंभांची दोन्ही दुर्बिणींनी घेतलेली छायाचित्रे शेजारी ठेवून सावकाश पाहा. हबलच्या दृश्य प्रकाशातील चित्रात जिथे काळपट, दाट धूळ दिसते, तिथेच वेबच्या निकट-अवरक्त चित्रात ती विरळ भासते आणि नवजात तारे लालसर ठिपक्यांसारखे उमटतात. हा फरक मला आजही थक्क करतो. रंगांबाबत मात्र सावध राहा. अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून साधारणपणे लांब तरंगलांबीला तांबडा आणि आखूड तरंगलांबीला निळा रंग नेमून दिलेला असतो. कोणत्या फिल्टरला कोणता रंग दिला आहे, हे छायाचित्रासोबतच्या माहितीत आधी वाचत जा.