पहिल्या घोटावर निकाल देऊ नका

अमृत कास्क स्ट्रेंथ या बंगळुरूच्या माल्ट (म्हणजे मोड आणलेल्या जवाच्या) व्हिस्कीचा पहिला घोट घेतल्यावर तोंडात नुसती आग झाली, चव कळलीच नाही, आता सोडा घालून संपवू का, असं तुम्ही विचारलंय. सोडा अजिबात नको. माल उत्तम आहे, त्यात पाणी पडलेलं नाही इतकंच.

नेहमीची भारतीय व्हिस्की पाणी घालून ४२.८ टक्के अल्कोहोलवर आणलेली असते. ही पिंपातल्या जोरानिशी भरलेली, ६१.८ टक्के. म्हणजे हिचा ३० मिलीचा पेग नेहमीच्या ४३ मिलीच्या बरोबरीचा. बेतानेच घ्या.

आधी वास. नाशकात वायनरीत जाऊन आलेल्यांना ग्लास गरगर फिरवून नाक आत खुपसायची सवय असते. इथे तसं केलंत तर अल्कोहोलचा झणका बसतो आणि बराच वेळ नाक बधिर होतं. निमुळत्या तोंडाचा ग्लास हनुवटीपाशी धरा, ओठ किंचित उघडे ठेवा, ग्लास हळूहळू वर आणा. एप्रिलच्या दुपारी हा उद्योग करूच नका, उकाड्यात अल्कोहोलच आधी नाकात शिरतं. मिसळ खाऊन तर मुळीच नको.

पहिला बिनपाण्याचा थेंबभर घोट जिभेला सवय लावण्यापुरता. त्याला गुण देऊ नका. मग चहाच्या चमच्याने पाणी, अर्धा-अर्धा चमचा, प्रत्येक वेळी दोन मिनिटं थांबून. ३० मिलीत एक चमचा, म्हणजे ५ मिली घातलं की जोर ५३ वर येतो, दोन चमच्यांनी ४६ वर. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर हेच तपासलं होतं. ग्वायकॉल हा धुरकट वासाचा रेणू ५९ टक्क्यांच्या वर अल्कोहोलमध्ये आतच दबून राहतो, ४५ च्या खाली पृष्ठभागाशी येतो. पाणी बोअरचं नको, त्याची स्वतःचीच चव लागते. पाण्याने व्हिस्की किंचित गढूळ झाली तर घाबरू नका. थंड करून न गाळलेल्या माल्टमधले तेलकट अंश दिसू लागतात, तो दोष नव्हे.

निकाल देताना मी एकच बघतो, पाण्याने चव उघडते की मोडते. चांगला माल्ट ४६ वर आला तरी जव, मध, ओक वेगवेगळे कळतात आणि गिळल्यावरही चव रेंगाळते. कच्च्या मालात आग विझली की लाकडाचा कडवटपणा तेवढा उरतो. जास्त टक्के म्हणजे जास्त चांगली, हा समज सोडा. पिंपात काढलेल्या वर्षांचंही तेच. बंगळुरूच्या हवेत पिंपातला दहा-बारा टक्के माल दरवर्षी उडून जातो, स्कॉटलंडात जेमतेम दोन, त्यामुळे दोन्हीकडची वर्षं एका मापाने मोजता येत नाहीत.

आणि बाटली वाइनसारखी आडवी ठेवू नका, एवढ्या कडक अल्कोहोलने बूच खराब होतं. झाकण घट्ट लावून उन्हापासून दूर उभी ठेवा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा चाखा.