चांगला पगार आणि बचत असणं म्हणजे पैशावर प्रेम का? ख्रिस्ती माणसाला यात नेमका धोका काय?

पगार घेण्यात आणि बचत करण्यात पाप नाही, हे आधी सांगून टाकतो. येशू आणि बारा शिष्य गावोगाव फिरत होते तेव्हा योहान्ना, सुसान्ना अशा बायका पदरचे पैसे घालून त्यांचं बघत होत्या (बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान, ८:३). 'पैसा हे सगळ्या पापाचं मूळ' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात, पण प्रेषित पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पत्रात लिहिलंय ते 'द्रव्याचा लोभ'. मूळ ग्रीक शब्द फिलार्गिरिया, म्हणजे शब्दशः रुप्यावरचं, चांदीवरचं प्रेम.

धोका काय, ते माझ्यावरून सांगतो. वडील गेल्यावर वाटणी झाली. मोजणी, वकील, कागदपत्रं यात धाकट्या भावाच्या वाट्याचे ६० हजार मी भरले. 'देतो दादा' म्हणाला, दिले नाहीत. मी वहीत तारखेनिशी लिहून ठेवलेले. हक्काचे पैसे होते, त्यामुळे लोभ हा शब्द मनाला शिवलाही नाही.

रविवारी उपासनेत तो माझ्या दोन बाकं पुढे बसायचा. प्रभूची प्रार्थना तोंडपाठ, जीभ आपली चालत राहते. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' म्हणताना माझी नजर त्याच्या नव्या शर्टावर. याला शर्टाला पैसे आहेत! आपल्या मराठी बायबलात मत्तय ६:१२ मध्ये सरळ 'ऋण' आहे, त्यामुळे पळवाटही नाही. वर्षभर मी ती ओळ अशीच म्हटली. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला, तो वेळेवर, संडे स्कूलचा वर्ग चालू. बाहेरून कुणाला काही दिसलं नसतं.

लूकच्या १२व्या अध्यायात एक जण येशूला म्हणतो, माझ्या भावाला वतन, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्ता, वाटून द्यायला सांगा. कदाचित त्याची बाजू खरीही असेल. येशू वाटणीत पडतच नाही. सर्व प्रकारच्या लोभापासून जपा म्हणतो आणि मोठी कोठारं बांधायला निघालेल्या शेतकऱ्याचा दाखला देतो. तो शेतकरी चोर नाही, लबाड नाही. जमीन पिकली, एवढंच. पण दाखल्यात तो फक्त स्वतःशी बोलतो: माझं पीक, माझी कोठारं, माझ्या जिवा. बायको नाही, गडी नाही, शेजारी नाही. देव बोलतो तेव्हाच दुसरा आवाज येतो, आणि तो 'अरे मूर्खा' म्हणतो. तुमचा पगार किती यापेक्षा, हिशेब करताना तुमच्या डोक्यात आणखी कोण असतं ते बघा.

जाता जाता, 'बी पेरा, शंभरपट मिळेल' म्हणत देणगीचा क्यूआर कोड दाखवणाऱ्यांपासून सांभाळा. मार्क १०:३० मध्ये शंभरपट आहे खरं, पण त्याच वाक्यात 'छळणूक'ही आहे. ती त्यांच्या स्क्रीनवर कधी येत नाही.

भावाला मी शेवटी फोन केला. पैशांचा विषय काढला नाही, त्यानेही नाही. त्याच्या मुलीच्या दहावीबद्दल बोललो. वही मात्र अजून कपाटात आहे. फाडायला गेलो होतो एकदा, हात थांबला.