आतलं पॅड आधी का झिजतं?

प्रश्न : मी वास्कोत राहतो. कामासाठी महिन्यातून चारदा चोर्ला घाटातून बेळगावला जातो. गाडीची पुढची ब्रेक पॅड १५,००० किलोमीटरमध्येच संपली. डाव्या चाकाचं आतलं पॅड पत्र्यापर्यंत गेलंय, बाहेरचं मात्र अर्धं शिल्लक आहे. पॅड निकृष्ट होती का?

उत्तर : पॅडला दोष देऊ नका. ती निकृष्ट असती तर दोन्ही चाकांची सारखी झिजली असती. एकाच चाकाचं आतलं पॅड जातं, तेव्हा बहुधा कॅलिपरचा (पॅड डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर, दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन ब्रेक सोडल्यावर मागे सरकत नसतो. वास्कोच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात पिस्टनवरचं रबरी आवरण (बूट) फाटलं की आत गंज धरतो. कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या स्लाइड पिनाही तपासा. त्या हाताने सहज सरकल्या पाहिजेत. अडकत असतील तर पुसून सिलिकॉन ब्रेक ग्रीस लावा. साधं ग्रीस नको, रबर फुगतं. पिस्टन घट्ट असेल तर सील किट बदला. पिस्टनवर गंजाचे खड्डे पडले असतील तर कॅलिपरच बदला.

नुसती पॅड बदलून गाडी घेऊ नका, नवीही तशीच जातील! पॅडचा पत्रा डिस्कवर घासलाय, म्हणून डिस्कची जाडी मोजायला लावा. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. पॅड नेहमी दोन्ही चाकांची एकदम बदला, ३ मिलिमीटर उरली की लगेच. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी.

घाट उतरताना दुसरा-तिसरा गिअर ठेवा. ब्रेकवर सतत पाय ठेवणं पॅडला आणि तुम्हालाही धोक्याचं.