उबुंटूवर आर्डुइनो उनोसाठी एव्हीआर टूलचेन: कोड कंपाइल होतो, पण बोर्डवर चढताना ‘परमिशन डिनाइड’ येतं

कंपाइल होतंय म्हणजे टूलचेन (एव्हीआर चिपसाठी कोड तयार करणारी पॅकेजेस: जीसीसी-एव्हीआर, बिनयुटिल्स-एव्हीआर आणि एव्हीआर-लिबसी) नीट बसलंय. एव्हीआरड्यूड, म्हणजे कोड बोर्डवर चढवणारा प्रोग्रॅम, तोही आहेच, नाहीतर ही एरर आलीच नसती. अडलंय ते पोर्टच्या परवानगीपाशी.

सिरीयल पोर्ट (ज्यातून कॉम्प्युटर बोर्डशी बोलतो तो) ‘डायलआउट’ ग्रुपच्या ताब्यात असतो. यूजरमॉड या कमांडने, -एजी पर्याय लावून, स्वतःला त्या ग्रुपमध्ये घाला (त्यातला ‘ए’ विसरलात तर बाकीच्या ग्रुपमधून हकालपट्टी, अ‍ॅडमिनचे अधिकार देणाऱ्या सुडोसकट!) आणि लॉगआउट करून परत या. नुसतं टर्मिनल बंद-चालू करून भागत नाही. दरवेळी सुडो लावून काम उरकायची सवय मात्र नको.

बोर्ड स्वस्तातला, सीएच३४० या यूएसबी-सिरीयल चिपवाला असेल तर आणखी एक गंमत. उबुंटू २२.०४ मध्ये बीआरएलटीटीवाय हा ब्रेल डिस्प्लेचा प्रोग्रॅम त्या चिपला आपलंच उपकरण समजतो आणि पोर्ट बळकावतो. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) टीटीवाययूएसबी० हे पोर्टचं नाव दिसतं न दिसतं तोच ‘डिस्कनेक्टेड’. ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर ते पॅकेज सरळ काढून टाका.

उनोला बॉडरेट (सिरीयल पोर्टवरचा वेग) १,१५,२०० द्या. जुन्या बूटलोडरचा (कोड बोर्डवर उतरवून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा) आर्डुइनो नॅनो असेल तर ५७,६००, नाहीतर ‘नॉट इन सिंक’ येत राहील.