वाचकांचे प्रश्न : निसर्ग छायाचित्रणासाठी नवा कॅमेरा

प्रश्न : मी शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाले असून मोबाइलवर डोंगरदऱ्यांची छायाचित्रे काढण्याचा मला छंद आहे. आता स्वतंत्र कॅमेरा घ्यावा असे वाटते. खर्चाची तयारी ऐंशी हजार रुपयांपर्यंत आहे. दुकानदार फुल फ्रेम कॅमेरा आणि दोन लेन्स हप्त्यांवर घ्या म्हणतो, तर भाच्याच्या मते जुना डीएसएलआर स्वस्तात मिळेल. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे मला जड सामान घेऊन चढता येत नाही. काय घ्यावे आणि शिकायला सुरुवात कशी करावी?
— एक वाचिका, वाई

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य गुडघ्यांविषयीचे आहे, आणि निवडीची सुरुवात तिथूनच करावी. निसर्गदृश्यांचा कॅमेरा पाठीवरून वर न्यावा लागतो, आणि उजाडायच्या आत किंवा दिवस कलताना, म्हणजे माणूस थकलेला असताना, पिशवीतून बाहेर काढावा लागतो. जो कॅमेरा नेण्याचाच कंटाळा येईल, तो कितीही उत्तम असला तरी आपल्या कामाचा नाही.

फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा प्रकाशसंवेदी भाग, ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. त्याहून लहान अशा एपीएस-सी सेन्सरच्या तुलनेत त्याचे क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून अधिक भरते, आणि कमी उजेडात किंवा गडद सावल्यांतील तपशील वर काढताना त्याचा लाभ निश्चित दिसतो. तथापि डोंगर जागचे हलत नाहीत. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून आयएसओ (सेन्सरच्या प्रकाशसंवेदनेची पातळी) १०० वर हवा तितका वेळ शटर उघडे ठेवता येत असेल, तर हा फरक बराच कमी होतो. वजनाचा आणि लेन्सच्या किमतीचा फरक मात्र तसाच राहतो. छपाईच्या दृष्टीने पाहिले, तर २४ मेगापिक्सेलचे छायाचित्र ६००० बाय ४००० बिंदूंचे असते आणि इंचाला ३०० बिंदू या उत्तम प्रतीच्या हिशेबाने ते २० बाय १३ इंचांपर्यंत छापता येते. दिवाणखान्याच्या भिंतीसाठी एवढे पुरेसे आहे.

तेव्हा एपीएस-सी सेन्सरचा मिररलेस, म्हणजे डीएसएलआरसारखा आत आरसा नसलेला, कॅमेरा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅनन आर५०, निकॉन झेड५० आणि सोनी ए६४०० हे तिन्ही कॅमेरे आपापल्या छोट्या किट लेन्ससह, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या लेन्ससह, ६०० ग्रॅमच्या आत भरतात. तिघांतून एक निवडताना कागदावरच्या गुणांची तुलना करत बसण्यापेक्षा दुकानात प्रत्येक कॅमेरा हातात धरून पाहावा. पकड बोटांना सोयीची आहे का, चष्मा लावून व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावून पाहायच्या खिडकीतून) चारही कोपरे दिसतात का, मेनू न उघडता एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) कमी-जास्त करता येते का, हे पाहावे. भाच्याची सूचना चुकीची नाही, कारण जुना डीएसएलआरही सुंदर छायाचित्रे देतो. परंतु कंपन्यांच्या नव्या लेन्स आता मिररलेससाठीच येत आहेत. शिवाय शिकणाऱ्याला मिररलेसचा एक मोठा उपयोग होतो. छायाचित्र किती उजळ किंवा काळपट येणार हे बटण दाबण्यापूर्वीच पडद्यावर दिसते, त्यामुळे आपण काय बदलले आणि त्याने काय झाले हे लगेच समजते.

ऐंशी हजारांतील साधारण तीन चतुर्थांश रक्कम कॅमेरा आणि किट लेन्स यांवर खर्च करावी. उरलेल्या रकमेत ट्रायपॉड, एक जादा बॅटरी, मेमरी कार्ड आणि चमक कमी करणारा एक पोलरायझर फिल्टर बसवावा. ट्रायपॉड सव्वा ते दीड किलोचा असावा आणि मधला दांडा वर न ओढताही छातीच्या उंचीपर्यंत यावा, कारण तो दांडा वर काढला की वाऱ्याने कॅमेरा थरथरतो. दुसरी लेन्स आत्ता घेऊ नये. निसर्गदृश्य म्हणजे वाइड अँगल, अर्थात रुंद दृश्य सामावणारी लेन्स, असा समज सर्वत्र आहे, पण सह्याद्रीच्या एकामागून एक फिक्या होत जाणाऱ्या रांगा टिपायला दूरचे जवळ आणणारी १०० ते २०० मिलिमीटरची लेन्स अधिक उपयोगी पडते. आपली नजर कशावर ठरते आहे, हे सहा महिन्यांनी आपल्याच छायाचित्रांवरून कळेल. दुसरी लेन्स तेव्हा घ्यावी.

शिकण्यासाठी आपल्याला दूर जाण्याची गरजच नाही. मेणवलीचा घाट आणि धोमचा जलाशय आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत. कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर ठेवावा; त्यात लेन्सचे छिद्र आपण ठरवतो आणि शटरचा वेळ कॅमेरा ठरवतो. कॅननवर त्याची खूण 'एव्ही' अशी असते, निकॉन आणि सोनीवर 'ए'. आयएसओ १०० ठेवून घाटाच्या एकाच पायरीवर ट्रायपॉड उभा करावा आणि तेच दृश्य सकाळी, दुपारी व संध्याकाळी टिपावे. लेन्स फिरवून दृश्य जवळ-लांब करू नये. दुपारच्या चित्रात पायऱ्यांचा दगड सपाट आणि पांढुरका दिसेल. सकाळच्या तिरप्या उन्हात त्याच दगडावरचे टाकीचे घाव उठून दिसतील आणि प्रत्येक पायरीखाली सावलीची एक रेघ येईल. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला, की कॅमेऱ्याच्या निवडीविषयीची निम्मी चिंता आपोआप दूर होते. ट्रायपॉडवर असताना बटण दाबण्याचा धक्का टाळण्यासाठी दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावावा, ही सवय पहिल्या दिवसापासून असू द्यावी.

प्रश्न : कास पठारावर फुले आणि मागचे डोंगर दोन्ही स्पष्ट यावेत म्हणून मी एफ/२२ वापरले. कॅमेरा एपीएस-सी आहे आणि लेन्स १६-५० मिलिमीटरची. सारी छायाचित्रे मऊ, अस्पष्ट आली. काहींत आभाळ पांढरेफटक आहे, तर धुक्याची सगळी छायाचित्रे राखाडी आली आहेत. लेन्समध्ये दोष असेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : लेन्समध्ये दोष असण्याची शक्यता फार कमी आहे. एफपुढचा आकडा जितका मोठा तितके लेन्सचे छिद्र लहान, आणि छिद्र जितके लहान तितकी चित्रातील खोली, म्हणजे जवळपासून दूरपर्यंत स्पष्ट येणारा पल्ला, अधिक, हे खरे आहे. परंतु प्रकाश फारच लहान छिद्रातून जाऊ लागला की त्याच्या कडांशी पसरतो आणि संपूर्ण चित्राची धार बोथट होते. आपल्या आकाराच्या सेन्सरवर हा परिणाम एफ/११ च्या पुढे दिसू लागतो आणि एफ/२२ वर उघड जाणवतो. १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन आदी छायाचित्रकारांनी आपल्या गटाला 'एफ/६४' असेच नाव दिले होते, त्यामुळे मोठा आकडा म्हणजे अधिक स्पष्टता अशी समजूत अनेकांची होते. त्यांचे कॅमेरे मात्र मोठ्या फिल्मचे होते. ३०० मिलिमीटरच्या लेन्सवर एफ/६४ चे छिद्र साडेचार मिलिमीटरहून मोठे असते, तर आपल्या १६ मिलिमीटरवर एफ/२२ चे छिद्र पाऊण मिलिमीटरही भरत नाही.

दुसरे कारण थरथरीचे आहे. एफ/८ वरून एफ/२२ वर गेल्यास आत येणारा प्रकाश आठपट कमी होतो. म्हणजे जिथे १/१२५ सेकंद पुरला असता, तिथे कॅमेऱ्याने सुमारे १/१५ सेकंद घेतला असणार. पठारावरच्या वाऱ्यात तेरड्याची फुले एवढ्या वेळात सहज हलतात, आणि कॅमेरा हातात असेल तर हातही हलतो.

पुढच्या वेळी १६ मिलिमीटरवर एफ/८ ठेवावे आणि सुमारे दोन मीटरवरच्या फुलावर फोकस करावा. त्याने साधारण एक मीटरपासून क्षितिजापर्यंतचे सारे पुरेसे स्पष्ट येते. फोकस अगदी मागच्या डोंगरावर केल्यास जवळची फुले विनाकारण हातची जातात. छायाचित्र काढल्यावर ते पडद्यावर मोठे करून पुढचे फूल आणि मागची कड दोन्ही तपासावीत. उन्हात पडदा दिसत नसेल तर हेच व्ह्यूफाइंडरमध्ये पाहता येते. ठरवून दिलेल्या वाटेवरूनच हे सारे करावे. एका चित्रासाठी टेकलेल्या गुडघ्याखाली 'सीतेची आसवे' या वनस्पतीसारखी इवली फुले चिरडली जातात, आणि हे पठार ज्या पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ पासून गणले जाते, त्या वारशाचे खरे धन हीच फुले आहेत.

आभाळ आणि धुके यांच्या तक्रारींचे मूळ एकच आहे. कॅमेऱ्याचा मीटर, म्हणजे प्रकाश मोजणारी यंत्रणा, समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम राखाडी धरून चालतो. चौकटीचा मोठा भाग गर्द हिरवा किंवा सावलीतला असेल, तर मीटर चित्र उजळवतो आणि आभाळाचा तपशील जळून जातो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजळपणा आपण कमी-जास्त करण्याची सोय) उणे २/३ ते उणे १ ठेवावे. चौकट धुक्याने भरलेली असेल, तर मीटर त्या शुभ्र धुक्याला राखाडी करतो. तेव्हा अधिक २/३ ते अधिक १ लागते. जळालेला भाग लुकलुकवून दाखवणारी सूचना मेनूतून सुरू करून घ्यावी आणि छायाचित्रे रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या मूळ माहितीच्या स्वरूपात, साठवावीत. नेहमीच्या जेपेग स्वरूपात प्रत्येक रंगाच्या २५६ छटा मावतात, तर १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. काळवंडलेली दरी संगणकावर उजळवायची असेल, तर ती माहिती तिथे असावी लागते. पूर्ण जळालेले आभाळ मात्र रॉमधूनही परत येत नाही, म्हणून आधी आभाळ सांभाळावे.

प्रश्न : पहाटेच्या प्रकाशात छायाचित्रे उत्तम येतात असे वाचून आम्ही रात्री हरिश्चंद्रगडावर मुक्काम केला आणि सूर्योदयाला कोकणकड्यावर पोहोचलो. कडा पूर्ण काळा आला. काय चुकले? आणि पोलरायझरचा उपयोग कधी होतो?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपली दिशा चुकली. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे, आणि सह्याद्रीचे बहुतेक मोठे कडे असेच कोकणाकडे कोसळतात. सकाळी सूर्य देशाच्या बाजूने, म्हणजे कड्याच्या पाठीमागून येतो. त्यामुळे कड्याचा दर्शनी भाग सकाळभर सावलीत असतो. त्या वेळी टिपण्यासारखे असते ते खालच्या कोकणात साचलेले ढग आणि त्यांच्यावर पडलेली डोंगराची सावली. कड्याचा खडक, त्यातल्या आडव्या थरांसह, दुपार कलल्यानंतर उजळतो. महाबळेश्वरच्या आर्थर सीट पॉइंटलाही हेच लागू आहे. आपल्या भागातील कोणत्याही जागी जाण्यापूर्वी नकाशावर तिचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे पाहणे ही निम्मी तयारी समजावी. त्यातही ऋतूंचा फरक असतो. २१ डिसेंबरच्या सुमारास आपल्याकडे सूर्य ठीक पश्चिमेला न मावळता सुमारे २५ अंश दक्षिणेकडे मावळतो आणि जूनअखेरीस तेवढाच उत्तरेकडे, त्यामुळे एखादी घळ हिवाळ्यात उजळते आणि उन्हाळ्यात अंधारातच राहते.

आणखी एक गोष्ट परदेशी पुस्तके वाचून शिकणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. तिथे वर्णिलेला सोनेरी प्रकाशाचा तास आपल्या अक्षांशावर तासभर टिकत नाही. सूर्य आपल्याकडे बराच सरळ खाली उतरतो. मार्च किंवा सप्टेंबरच्या उत्तरार्धात क्षितिजापासून सहा अंशांवर असलेला सूर्य सुमारे २५ मिनिटांत मावळतो. नॉर्वेतील ऑस्लोसारख्या ठिकाणी यालाच जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. म्हणून सूर्यास्तापूर्वी तासभर आधी जागेवर पोहोचून चौकट पक्की करावी, ट्रायपॉड लावून ठेवावा आणि त्यानंतर फक्त प्रकाशाकडे लक्ष द्यावे. मार्च ते मे या काळात हवेतील धुरकटपणामुळे दूरचे डोंगर दिसेनासे होतात. पाऊस ओसरल्यानंतरचे ऑक्टोबरमधील दिवस दूरच्या दृश्यांसाठी सर्वांत चांगले.

पोलरायझरविषयीही आपण जाता जाता विचारले आहे. तो सूर्यापासून काटकोनात असलेल्या आभाळावर सर्वाधिक परिणाम करतो, पण अगदी वाइड अँगलवर आभाळाचा एकच पट्टा गडद होतो आणि चित्र बिघडते. त्याचा खरा उपयोग पावसाळ्यात होतो. ओल्या पानांवरची आणि खडकांवरची पांढरी चमक त्याने निघून जाते व हिरवा रंग आपल्या मूळ गर्दपणाने येतो. तो एक ते दोन स्टॉप प्रकाश अडवतो (प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा होतो), आणि ओढ्याचे किंवा धबधब्याचे पाणी रेशमी दिसण्यासाठी जो पाव ते एक सेकंद वेळ हवा असतो, तो मिळण्यासही त्याची मदत होते.

प्रश्न : घरातील जुन्या लेन्समध्ये आतून कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. नवा कॅमेरा घेतला आहे. तो कसा जपावा?
— एक वाचिका, रत्नागिरी

उत्तर : ती बुरशी आहे. कोकणातील दमट हवेत, विशेषतः चामड्याच्या बंद पेटीत किंवा कपड्यांच्या कपाटात ठेवलेल्या लेन्सला ती हमखास लागते. जुनी लेन्स नव्या सामानापासून वेगळी ठेवावी आणि जाणकार कारागिराकडून उघडून स्वच्छ करून घ्यावी. तंतूंनी काचेवरचा लेप खाल्ला असेल तर डाग कायमचे राहतात. नव्या कॅमेऱ्यासाठी स्वयंपाकघरात वापरतात तसा घट्ट झाकणाचा मोठा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढे पुरते. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावी. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला, की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. वातानुकूलित खोलीतून किंवा गाडीतून एकदम बाहेर आल्यावर लेन्सवर दव धरते. ते पुसत बसू नये. कॅमेरा बंद पिशवीतच पंधरा-वीस मिनिटे राहू द्यावा आणि तो बाहेरच्या तापमानाला आल्यावरच पिशवी उघडावी. पावसात भिजून आल्यावर मात्र उलट करावे. कॅमेरा कोरड्या फडक्याने टिपून, बॅटरी काढून, पंख्याखाली उघडा ठेवावा आणि पूर्ण वाळल्यावरच डब्यात घालावा.