‘मोअरओव्हर’ कुठे, ‘ऑल्सो’ कुठे?

प्रश्न : सांगलीतील हळदीच्या एका पेढीवर मी बाहेरच्या खरेदीदारांशी होणारा इंग्रजी पत्रव्यवहार पाहतो. एकच शब्द पुन्हा येऊ नये म्हणून माहितीला माहिती जोडताना मी ‘मोअरओव्हर’, ‘फर्दरमोअर’ आणि ‘बिसाइड्स’ आलटून पालटून लिहितो. मालक म्हणतात, सगळीकडे ‘ऑल्सो’ लिहा. योग्य काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मालकांचे म्हणणे अर्धे खरे आहे. आपण पाठवलेल्या पत्रात अशी वाक्ये आहेत : ‘द टर्मरिक इज फ्रॉम द न्यू क्रॉप. मोअरओव्हर, इट इज पॅक्ड इन फिफ्टी-किलो बॅग्ज. फर्दरमोअर, द ट्रक लीव्हज ऑन मंडे.’ व्याकरणाच्या दृष्टीने यात काही चुकलेले नाही. तरीही वाचणारा अडखळतो, कारण ‘मोअरओव्हर’ दिसताच आधीच्या मुद्द्याला बळ देणारे आणखी एक कारण येणार अशी त्याची अपेक्षा होते आणि प्रत्यक्षात त्याच्या हाती पोत्याचे वजन पडते. हा नुसता तपशील आहे. पहिली दोन वाक्ये ‘अँड’ने जोडावीत आणि तिसरे कोणत्याही जोडशब्दावाचून स्वतंत्र ठेवावे.

हाच शब्द भावाचे समर्थन करताना शोभतो. ‘द न्यू क्रॉप हॅज अॅन एक्सलंट कलर. मोअरओव्हर, सांगली टर्मरिक हॅज हॅड अ जिऑग्राफिकल इंडिकेशन सिन्स २०१८.’ येथे रंग आणि भौगोलिक मानांकन या दोन्ही गोष्टी, मागितलेला भाव रास्त आहे, या एकाच दाव्याच्या बाजूने उभ्या आहेत. ‘फर्दरमोअर’चे कामही जवळजवळ हेच असून, त्याच दाव्याचा पुढचा मुद्दा मांडताना तो वापरता येतो. मात्र एका पानाच्या पत्रात हे दोन्ही शब्द आले, तर ते पत्र वकिलाच्या नोटिशीसारखे वाटू लागते.

‘मोअरओव्हर’ हे क्रियाविशेषण आहे, उभयान्वयी अव्यय नव्हे. त्यामुळे दोन पूर्ण वाक्यांच्या मध्ये केवळ स्वल्पविराम देऊन तो बसवता येत नाही. त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम आणि त्याच्यानंतर स्वल्पविराम हवा. आपल्या पत्रांत सर्वाधिक आढळणारी चूक हीच आहे.

‘बिसाइड्स’ जपून वापरावा. वाक्याच्या आरंभी तो बोलण्यातला वाटतो आणि ‘तसेही आम्हाला ते करायचे नव्हतेच’ असा काहीसा सूर त्यातून निघू शकतो, म्हणून भाव कमी करण्यास नकार देताना तो टाळलेला बरा. नामाच्या आधी मात्र तो निर्धोक आहे : ‘बिसाइड्स टर्मरिक, वी सेल रेझिन्स.’ त्यातला शेवटचा ‘एस’ गळला, तर अर्थ ‘हळदीच्या शेजारी’ असा होईल. ‘इन अॅडिशन टू’नंतरही नाम किंवा ‘सेलिंग’सारखे रूप येते, ‘सेल’ येत नाही.

आता ‘ऑल्सो’. तो वाक्याच्या आरंभी चालतो, पण वारंवार तसा आला की, लिहिणाऱ्याला एकेक गोष्ट मागाहून आठवते आहे असे वाटते. त्याची नेहमीची जागा मुख्य क्रियापदाच्या आधी, किंवा ‘इज’, ‘आर’ यांच्यानंतर असते : ‘वी ऑल्सो सेल रेझिन्स’, ‘द प्राइस इज ऑल्सो लोअर’. नकारार्थी वाक्याला नकारार्थी वाक्य जोडताना मात्र तो सोडून शेवटी ‘आयदर’ लिहावा : ‘वी डू नॉट सेल चिलीज आयदर.’